गलवानची झटापट ते सोसायटीतला 'कमांडो' क्लास: लष्करी हातघाई सामान्य माणसाच्या किती कामाची?

समोरून चाकू येतो. काळा टी-शर्ट घातलेला प्रशिक्षक मनगट पकडतो, पिरगळतो आणि पुढच्याच सेकंदाला चाकू त्याच्या हातात असतो. खाली ओळ असते: 'इस्रायली कमांडो टेक्निक, प्रत्येक मुलीला यायलाच हवी!' असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल.

रीलपुरतंच हे थांबत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये, कॉलेजच्या मैदानावर, महिला दिनाच्या कार्यक्रमात 'कमांडो ट्रेनिंग'ची शिबिरं होतात. क्राव्ह मागा, कमांडो कॉम्बॅट, अनआर्म्ड कॉम्बॅट अशी नावं बॅनरवर असतात. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत 'कुठल्याही हल्ल्याला तोंड द्यायला' शिकवण्याचं आश्वासन दिलेलं असतं. आईवडील विश्वासाने मुलींची नावं नोंदवतात.

पण सैनिकाला सीमेवर लढण्यासाठी दिलेलं प्रशिक्षण लोकलच्या डब्यात, रिकाम्या पार्किंगमध्ये किंवा घराच्या चार भिंतींत उपयोगी पडतं का? पडत असेल तर त्यातलं नेमकं काय? आणि 'कमांडो'सारखा प्रतिकार केल्यावर कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो का? एकेक मुद्दा समजून घेऊया.

ड्रोनच्या काळात हातघाई कशाला?

क्षेपणास्त्रं आणि ड्रोनच्या जमान्यात सैनिकाला कुस्ती आणि गुद्दे कशाला शिकवायचे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचं भारतापुरतं उत्तर १५ जून २०२०च्या रात्री मिळालं.

पूर्व लडाखमधल्या गलवान खोऱ्यात भारतीय आणि चिनी सैनिक समोरासमोर आले. कर्नल बी. संतोष बाबू यांच्यासह २० भारतीय जवान शहीद झाले. चीनने आपले चार सैनिक मारले गेल्याचं मान्य केलं, तेही फेब्रुवारी २०२१मध्ये. या सगळ्या संघर्षात गोळीबार झाला नव्हता. लढाई झाली ती दगड, काठ्या, खिळे ठोकलेल्या सळया आणि हातांनी.

जवानांकडे शस्त्रं नव्हती, असा तेव्हा अनेकांचा समज झाला होता. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी १८ जूनला स्पष्ट केलं की सीमेवरच्या जवानांकडे शस्त्रं असतातच. पण १९९६ आणि २००५च्या करारांनुसार अशा वेळी बंदूक न वापरण्याची पद्धत आहे. १९९६च्या करारात प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार न करण्याचं कलम आहे. ९ डिसेंबर २०२२ रोजी अरुणाचल प्रदेशातल्या तवांगजवळ यांगत्से इथे पुन्हा अशीच झटापट झाली.

गलवाननंतर या प्रशिक्षणाकडे नव्याने लक्ष गेलं. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाने हरियाणातल्या पंचकुलाजवळच्या भानू इथल्या केंद्रात ज्युदो, कराटे आणि क्राव्ह मागा यांतल्या निवडक १५ ते २० डावांचा नवा निःशस्त्र लढाईचा अभ्यासक्रम आणला. लष्करानेही 'आर्मी मार्शल आर्ट्स रुटीन' म्हणजे 'अमर' नावाने स्वतःची पद्धत पुढे आणली.

अमेरिकेचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. २००४ ते २००८ या काळात युद्धभूमीवरून परतलेल्या १,२२६ अमेरिकी सैनिकांच्या सर्वेक्षणांचं विश्लेषण २०१४मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातल्या सुमारे १९ टक्के सैनिकांनी किमान एकदा तरी हातघाईचं कौशल्य वापरल्याचं सांगितलं. त्यांनी काय वापरलं? चारातल्या जवळपास तिघांनी धरपकड, झोंबाझोंबी आणि समोरच्याला दाबून ठेवण्याचे डाव. चित्रपटात दिसतात तसे गुद्दे आणि लाथा जेमतेम पाच टक्क्यांच्या घरात होत्या.

म्हणजे युद्धातली हातघाई दिसते ती कोल्हापूरच्या तालमीतल्या मातीतल्या झटापटीसारखी, ॲक्शन सिनेमासारखी कमीच.

हे प्रशिक्षण आलं कुठून?

गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच गोष्टी लष्करात जन्मल्याच नाहीत. त्या शहरांतल्या रस्त्यांवरून लष्करात गेल्या आणि तिथून 'कमांडो' शिक्का घेऊन पुन्हा शहरात आल्या.

विल्यम फेअरबेर्न हे त्यातलं मोठं नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते शांघाय महापालिकेच्या पोलीस दलात होते. टोळीयुद्धांसाठी बदनाम असलेल्या त्या शहरात काम करताना त्यांनी जुजुत्सू, बॉक्सिंग आणि रस्त्यावरच्या मारामारीतून 'डिफेंडू' नावाची पद्धत तयार केली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने त्यांना कमांडो आणि गुप्त मोहिमांवर जाणाऱ्यांना शिकवायला बोलावलं. कमांडोंची ओळख बनलेला फेअरबेर्न-साइक्स खंजीर त्यांनी आणि एरिक साइक्स यांनी मिळून घडवला.

१९४२ साली फेअरबेर्न यांचं सैनिकांना शत्रूला ठार करायला शिकवणारं पुस्तक आलं. त्याच वर्षी महिला आणि मुलींसाठी त्यांचं स्वसंरक्षणाचं वेगळं पुस्तकही आलं. दोन्ही वाचकवर्गांच्या गरजा वेगळ्या आहेत, हे कमांडो घडवणाऱ्या माणसालाच तेव्हा कळलं होतं.

दुसरं नाव इमी लिख्टेनफेल्ड. क्राव्ह मागाचे जनक. या हिब्रू शब्दांचा ढोबळ अर्थ 'अंगाला भिडून केलेली लढाई'. १९१० साली बुडापेस्टमध्ये जन्मलेले इमी ब्रातिस्लाव्हात वाढले. ते बॉक्सर आणि कुस्तीगीर होते. १९३०च्या दशकात शहरातल्या ज्यू वस्त्यांवर टोळ्यांचे हल्ले सुरू झाले, तेव्हा ते इतर तरुणांसोबत त्यांना तोंड द्यायला उतरले. रिंगणात पंच असतो, नियम असतात. रस्त्यावर दोन्ही नसतात, हा धडा त्यांना तिथे मिळाला. १९४२मध्ये ते तेव्हाच्या पॅलेस्टाइनमध्ये पोहोचले आणि तिथल्या ज्यू सशस्त्र गटांना शिकवू लागले. १९४८मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर लष्कराच्या शारीरिक प्रशिक्षणाची आणि क्राव्ह मागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

१९६०च्या दशकात लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी क्राव्ह मागा नागरिकांसाठी बदलायला घेतलं. म्हणजे लष्करी पद्धत जशीच्या तशी सामान्यांना शिकवायची नाही, हे ती तयार करणाऱ्यानेच ठरवलं होतं. १९९८मध्ये त्यांचं निधन झालं. आज जगभर क्राव्ह मागाच्या अनेक वेगवेगळ्या संघटना आहेत. कराटेच्या क्लासप्रमाणेच 'क्राव्ह मागा' असा बोर्ड लावण्यासाठीही सगळ्यांना लागू असलेला एकच जागतिक परवाना नाही.

सैनिक नेमकं काय शिकतो?

वेगवेगळ्या देशांच्या पद्धती पाहिल्या तर काही गोष्टी सारख्या दिसतात.

- डाव कमी, सराव जास्त. भीतीने छाती धडधडते, हात थरथरतात, नजर एकाच गोष्टीवर खिळते. अशा वेळी बोटांची नाजूक कामं जमत नाहीत. म्हणून लष्करात सोपे आणि पूर्ण ताकदीने करता येतील असे डाव निवडतात आणि तेच हजारदा करून घेतात.
- दमल्यावर सराव. धावून, वजन उचलून, झोप मोडून थकलेल्या अवस्थेत लढायला लावतात. खरा प्रसंग ताजंतवानं असताना येईलच असं नाही.
- विरोध करणारा जोडीदार. समोरचा खरोखर ढकलतो, खेचतो, निसटतो. तो रीलमधल्यासारखा हात पुढे करून थांबत नाही.
- मनाची तयारी. पहिला फटका बसल्यावर गोठून न जाणं हा या प्रशिक्षणाचा मोठा भाग असतो. लष्करं आजही हातघाई शिकवतात त्यामागे हेही मोठं कारण आहे: माणसाची भीड चेपते.
- संयम. अमेरिकेच्या मरीन कोअरच्या मार्शल आर्ट्स कार्यक्रमाचे तीन भाग आहेत: मानसिक, चारित्र्यविषयक आणि शारीरिक. ताकद कधी वापरायची नाही, हेही तिथे शिकवतात.

या यादीतली एकही गोष्ट दोन दिवसांत होत नाही. मरीन कोअरमध्ये भरती झालेल्या प्रत्येकाला सुरुवातीच्या काही महिन्यांच्या प्रशिक्षणातून जो पट्टा मिळतो, तो सर्वात खालचा असतो.

मग अडचण कुठे येते?

अडचण डावांमध्ये कमी आणि उद्दिष्टामध्ये जास्त आहे.

सैनिकाला जागा सोडायची नसते. चौकी राखायची असते, समोरच्याला पकडायचं असतं किंवा संपवायचं असतं. सामान्य माणसाचं उद्दिष्ट एकच: सुखरूप घरी पोहोचणं. पाकीट देऊन सुटका होत असेल, पळून जाता येत असेल, चार माणसांत जाऊन उभं राहता येत असेल तर तोच तुमचा विजय आहे. सैनिकाने असं केलं तर त्याला पळपुटा म्हणतील. तुम्ही केलं तर ते शहाणपण ठरतं.

दुसरा फरक सोबतीचा. सैनिक एकटा लढत नाही. अमेरिकी लष्करात हातघाई शिकवताना सांगतात की ही लढाई जिंकतो तो, ज्याचा साथीदार बंदूक घेऊन आधी पोहोचतो. म्हणजे समोरच्याला अडकवून ठेवायचं आणि मदत येईपर्यंत टिकायचं. रात्री अकराला स्टेशनबाहेर एकट्या असलेल्या मुलीच्या मागून कुठली तुकडी येणार नसते. उलट हल्लेखोराचेच साथीदार आसपास असू शकतात. अशा वेळी एकाला जमिनीवर दाबून बसणं हा लष्करी डाव तिच्यासाठी धोक्याचा ठरतो.

तिसरा फरक शरीराचा. लष्करात निवडच वय, उंची, वजन आणि तंदुरुस्ती पाहून होते. पन्नाशीतली गृहिणी, गुडघेदुखी असलेले आजोबा, पाचवीतली मुलगी यांच्यासाठी ते डाव बनवलेलेच नाहीत.

चौथा फरक परिणामांचा. युद्धात शत्रूला इजा करणं हे सैनिकाचं काम आहे. रस्त्यावर केलेल्या प्रत्येक फटक्याचा हिशोब पोलीस ठाण्यात आणि कोर्टात द्यावा लागू शकतो. त्याकडे पुढे येऊच.

चाकूचं काय?

सर्वाधिक व्हायरल होणारा आणि सर्वाधिक दिशाभूल करणारा प्रकार म्हणजे चाकू हिसकावण्याचा.

रीलमध्ये चाकू एकदाच येतो, सरळ येतो आणि हात लांब करून थांबतो. खऱ्या हल्ल्यात तो जवळून, वेगाने आणि एकामागून एक येतो. बरेचदा आधी दिसतही नाही. हल्लेखोर एका हाताने कॉलर धरतो आणि दुसऱ्या हाताने वार करतो. मनगट पकडायला गेलेला हात घामाने किंवा रक्ताने निसटतो.

म्हणूनच जबाबदार प्रशिक्षक चाकूबद्दल सगळ्यात आधी तीन गोष्टी सांगतात: अंतर वाढवा, मध्ये काहीतरी आणा, पळा. बॅग, खुर्ची, उभी असलेली गाडी, काहीही चालेल. हात घालायचा तो पळायला वाटच नसेल तेव्हा, आणि जखम होणार हे गृहीत धरून. हा क्रम न सांगता थेट हिसकावण्याचा डाव शिकवणारा क्लास माणसाला सुरक्षित करत नाही. उलट एरवी जो पळाला असता, त्याला तो चाकूसमोर उभं करतो.

धोका नक्की कुठे आहे?

'कमांडो' शिबिरांमध्ये हल्लेखोराचं चित्र ठरलेलं असतं: अंधारी गल्ली, अनोळखी गुंड. आकडेवारी वेगळं सांगते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात महिलांविरोधातले ४ लाख ४५ हजार २५६ गुन्हे नोंदवले गेले. त्यात सर्वात मोठा वाटा, ३१.४ टक्के, 'पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूरता' या प्रकाराचा होता. बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, हे या विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत. नातेवाईक, शेजारी, मित्र, कामाच्या ठिकाणचा सहकारी, लग्नाचं वचन देणारा.

इथे लष्करी चौकट तोकडी पडते. सैनिकाला शत्रू गणवेशावरून ओळखता येतो. मामाच्या मित्राच्या डोळ्यांत बोटं घालायची की नाही, हा प्रश्न डावाचा नसतोच. आपल्याला नको असलेला स्पर्श होतोय हे ओळखणं, 'लोक काय म्हणतील' हा धाक झुगारणं आणि ठामपणे 'नाही' म्हणणं ही तिथली पहिली लढाई असते. वर्षानुवर्षं चालणाऱ्या घरगुती हिंसाचारात तर एका फटक्याने काहीच संपत नाही. तिथे निवारा, पैसा, वकील आणि पाठीशी उभं राहणारं माणूस लागतं.

पुरुषांच्या बाबतीतही हेच. पार्किंगवरून, ओव्हरटेकवरून, हॉटेलातल्या बिलावरून सुरू झालेले वाद हाणामारीपर्यंत जातात. तिथे दोन्हीकडचा अहंकार पेटलेला असतो. अशा वेळी थोडंफार कमांडो प्रशिक्षण घेतलेला माणूस मागे हटण्याऐवजी पुढे सरसावण्याचीच शक्यता जास्त.

म्हणजे स्वसंरक्षणाचं प्रशिक्षण फुकट आहे का?

नाही. योग्य प्रकारे दिलेल्या प्रशिक्षणाचा उपयोग होतो, याचा चांगला पुरावा आहे.

कॅनडातल्या विंडसर विद्यापीठातल्या प्राध्यापक शार्लीन सेन यांच्या नेतृत्वाखाली तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१५मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थिनींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले गेले. एका गटाला १२ तासांचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रकं. वर्षभरानंतर माहितीपत्रकं मिळालेल्या गटात बलात्काराला सामोरं जावं लागलेल्यांचं प्रमाण ९.८ टक्के होतं, तर प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. जवळपास निम्मं.

या १२ तासांत काय होतं? ओळखीच्या पुरुषाच्या वागण्यातली धोक्याची चिन्हं कशी ओळखायची, 'त्याला वाईट वाटेल' या संकोचावर मात कशी करायची, शब्दांनी आणि शरीराने प्रतिकार कसा करायचा आणि नात्यात आपल्याला काय हवंय, काय नको हे स्वतःशी स्पष्ट कसं करायचं. शारीरिक डाव हा या सगळ्याचा एक भाग होता, तोही विद्यार्थिनींना ओळखीच्या माणसांकडून असलेल्या धोक्याला धरून बसवलेला.

याचा अर्थ लष्करी प्रशिक्षणातलं सगळंच टाकाऊ आहे, असाही नाही. कमी आणि सोपे डाव, विरोध करणाऱ्या जोडीदारासोबत सराव, ओरडण्याची सवय, धक्का बसल्यावर गोठून न जाणं या गोष्टी नागरी प्रशिक्षणालाही लागू पडतात. फेअरबेर्न किंवा इमी यांच्याकडून घेण्यासारखं आहे ते हे.

मात्र एक आक्षेप इथे नोंदवायलाच हवा. मुलींना सतत 'तू शिक, तू सावध राहा' सांगताना सगळा भार त्यांच्याच खांद्यावर जातो, असं स्त्री चळवळीतल्या अनेकजणी म्हणतात. प्रशिक्षण न घेतलेली किंवा प्रतिकार करू न शकलेली मुलगी दोषी ठरता कामा नये. भीतीने शरीर गोठणं ही नैसर्गिक प्रतिक्रिया आहे, संमती नव्हे. हल्ल्याची जबाबदारी हल्लेखोराचीच असते.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाच्या अधिकाराची आहेत. आधी भारतीय दंड संहितेत हीच तरतूद कलम ९६ ते १०६मध्ये होती. यातल्या चार गोष्टी प्रत्येकाला माहीत असायला हव्यात.

पहिली, हा अधिकार स्वतःपुरता नाही. कलम ३५नुसार दुसऱ्या व्यक्तीच्या शरीराचं रक्षण करण्याचाही अधिकार तुम्हाला आहे.

दुसरी, फटका बसेपर्यंत थांबायची गरज नाही. कलम ४०नुसार हल्ल्याच्या प्रयत्नामुळे किंवा धमकीमुळे शरीराला धोका असल्याची वाजवी भीती निर्माण झाली की अधिकार सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो.

तिसरी, मर्यादा. बचावासाठी जेवढी गरज आहे त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल तर हा अधिकार मिळत नाही, असं कलम ३७ सांगतं.

चौथी, कलम ३८. काही गंभीर हल्ल्यांमध्ये बचाव करताना हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा ठरत नाही. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला, ॲसिड हल्ला यांचा त्यात समावेश होतो.

उदाहरण घेऊ. कुणी तुमचा मोबाइल हिसकावताना हात पिरगळला आणि तुम्ही त्याला ढकलून पाडलं, तर हा बचाव आहे. तो पडला, मोबाइल परत मिळाला, तो उठून पळू लागला आणि तुम्ही मागून जाऊन त्याच्या डोक्यात लाथा घातल्या, तर तो बचाव राहत नाही. धोका संपला तिथे अधिकारही संपला. लष्करी पद्धतीत मात्र समोरचा पूर्ण निकामी होईपर्यंत थांबू नका, असं शिकवलेलं असू शकतं. ही सवय नागरिकाला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊ शकते.

न्यायालयं याकडे व्यवहारी नजरेने पाहतात, हेही खरं. 'दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य' या २०१०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणाची तत्त्वं एकत्र मांडली. जीव धोक्यात असलेला माणूस प्रत्येक फटका तराजूत तोलून मारू शकत नाही, ही त्यामागची भूमिका. पण आपण बचावच करत होतो, हे न्यायालयाला पटवण्याची जबाबदारी बचाव सांगणाऱ्यावर असते. म्हणून घटनेनंतर लगेच पोलिसांना कळवणं, वैद्यकीय तपासणी करून घेणं आणि साक्षीदारांचे नंबर घेणं हेही स्वसंरक्षणच आहे.

राज्यात काय चित्र आहे?

केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांमधल्या सहावी ते बारावीच्या मुलींना 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' दिलं जातं. त्यासाठी प्रत्येक शाळेला तीन महिने, दरमहा ५,००० रुपये अशी तरतूद असते. महाराष्ट्रात महिला व बालविकास विभागाने २०२३मध्ये 'राजमाता जिजाऊ युवती स्वसंरक्षण प्रशिक्षण' हा उपक्रम राबवला.

उद्देश चांगला आहे. अडचण सातत्याची आहे. काही दिवसांच्या शिबिरातून किंवा एका सत्राच्या तासांमधून आत्मविश्वास मिळतो, पण पुढे सराव थांबला की डाव विसरले जातात आणि उरतो तो फक्त आत्मविश्वास. दोन दिवस आखाड्यात जाऊन कुणी पैलवान होत नाही, हे ज्या राज्यात गावोगाव माहीत आहे, तिथे दोन दिवसांत 'कमांडो' होता येतं यावर मात्र सहज विश्वास बसतो.

आपल्याकडचे मर्दानी खेळ हे एक बोलकं उदाहरण आहे. लाठी, दांडपट्टा, तलवार ही एकेकाळी खरोखरची युद्धकला होती. आज कोल्हापुरात आणि इतरत्र मुलं-मुली ती शिकतात ती परंपरा, व्यायाम आणि शिस्त म्हणून. दांडपट्टा शिकलेली मुलगी चपळ आणि धीट होते, हे नक्की. पण दांडपट्टा घेऊन कुणी बसमध्ये चढत नाही. लष्करी हातघाईकडेही याच नजरेने पाहिलं तर अपेक्षाभंग होणार नाही.

क्लास निवडताना काय बघाल?

नाव नोंदवण्याआधी एक तास बसून बघा आणि हे प्रश्न विचारा:

- प्रशिक्षक पहिल्या दिवशी काय शिकवतात? धोका ओळखणं, मोठ्याने ओरडणं, अंतर राखणं आणि निसटणं की थेट चाकू हिसकावणं?
- सराव करताना समोरचा खरोखर विरोध करतो की नाटकासारखा पडतो?
- ओळखीच्या माणसाकडून, घरात, गाडीत, ऑफिसात होणाऱ्या त्रासाबद्दल काही शिकवलं जातं का?
- कायद्याच्या मर्यादा सांगितल्या जातात का?
- 'माजी कमांडो' असा दावा असेल तर तो कशावरून? सेवेचा तपशील मागायला संकोच करू नका. आणि तो खरा असला, तरी नागरिकांना, विशेषतः मुलांना शिकवण्याचा अनुभव किती?
- दुखापत होऊ नये म्हणून मॅट, संरक्षक साहित्य आणि प्रथमोपचाराची सोय आहे का? महिलांच्या वर्गात महिला प्रशिक्षक आहेत का?
- वर्ग संपल्यावर सराव चालू ठेवायची सोय आहे का?

'हे शिकलात की कुणीही तुमचं काही बिघडवू शकणार नाही' असं कुणी म्हणत असेल, तर तिथून निघालेलं बरं. जवळपास ज्युदो, कुस्ती किंवा बॉक्सिंगचा चांगला क्लास असेल तर तोही उत्तम पर्याय आहे. तिथे आठवड्यातून तीन दिवस, वर्षभर, खऱ्या विरोधासमोर सराव होतो. चटकदार नाव नसलं तरी शरीर आणि मन दोन्ही तयार होतात.

थोडक्यात

लष्करातली हातघाई लष्करासाठी आहे. त्यातून सामान्य माणसाने घ्यायचं ते सरावाचं तंत्र आणि मनाची तयारी; सोडून द्यायचं ते समोरच्याला संपवण्याचं उद्दिष्ट. मुलीला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवायचं असेल तर जरूर पाठवा, पण ते संपल्यावर 'आता तू कमांडो' असं म्हणू नका. त्यापेक्षा 'कुणाबद्दलही काही खटकलं तर मला सांग, मी तुझ्यावर विश्वास ठेवेन' हे सांगा. ओळखीच्या माणसाकडून असलेल्या धोक्यात ते वाक्य कुठल्याही डावाहून जास्त कामी येतं.

आणि हे तीन नंबर आजच फोनमध्ये ठेवा: कुठल्याही आणीबाणीत ११२, महिला हेल्पलाइन १८१, रेल्वे प्रवासात १३९.